पाहुण्यांना म्हणून दाखव

आमची इंग्लंडमधली, मिल्टन कीन्सची कंपनी अमेरिकन लोकांनी विकत घेतली आणि तिकडून एक नवा साहेब आला. उंच, हसतमुख, सगळ्यांच्या पाठीवर थाप मारणारा. मीटिंगमध्ये त्याचं एक वाक्य ठरलेलं असे, ‘मी बाबा साधा माणूस आहे.’ त्याचा खरा अर्थ आम्हाला आठवड्याभरातच कळला. आमच्या टीममध्ये गणितात डॉक्टरेट केलेला एक इंग्रज होता. नवी सिस्टीम कुठे गडगडणार हे तो हळू आवाजात, कारणांसकट सांगायला लागला, की साहेब घड्याळाकडे बघत म्हणायचा, ‘‘मी साधा माणूस आहे, जरा इंग्लिशमध्ये सांग ना.’’ तो बिचारा इंग्लिशच बोलत असायचा. सगळे हसायचे. सिस्टीम तो म्हणाला होता तिथेच गडगडली, पण तेव्हा कोणी हसलं नाही आणि त्याचं नावही काढलं नाही.

निवडणुकीत मत कोणाला दिलं, हेही साहेब न विचारता सांगायचा. ज्याच्याबरोबर बसून बिअर प्यावीशी वाटते त्याला दिलं म्हणे, कारण दुसरा फार प्राध्यापकासारखा बोलतो. अख्खा देश चालवायला द्यायचा आणि परीक्षा काय, तर बिअरची! मला संताप यायचा, पण तो घरी पोचल्यावर. ऑफिसात मी मान डोलवायचो. टीममधल्या सहांपैकी चौघांनाच ठेवणार, अशी कुजबुज सुरू झाली होती.

अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसं मी साहेबाला एका शनिवारी घरी जेवायला बोलावलं. बायकोने सकाळपासून खपून बटाटेवडे, मसालेभात, श्रीखंड केलं. साहेबाने सहा वडे खाल्ले, बायकोचं मनापासून कौतुक केलं. माणूस वाईट नव्हता, हे मला अजूनही कबूल करावं लागतं.

आणि मग मी ती चूक केली. आपल्याकडे पाहुणे आले की पोराला पुढे करतात. ये, काकांना पाढे म्हणून दाखव, श्लोक म्हणून दाखव. मी लहानपणी असाच कोपऱ्यातून ओढून आणला जायचो, आणि म्हणून झाल्यावर पाहुणे ‘वा! हुशार आहे हो!’ म्हणत तेव्हा आईच्या चेहऱ्यावर जे दिसायचं, त्यासाठी मी कितीही पाढे पाठ केले असते. साहेबापुढे मिरवायला माझ्याकडे दुसरं होतं तरी काय? माझी मुलगी दहा वर्षांची होती. मी हाक मारली, ‘‘ये गं, अंकलना एकोणतीसचा पाढा म्हणून दाखव.’’

तिने घडाघडा म्हटला. साहेबाने टाळ्या वाजवल्या. तिथे थांबलं असतं तर निभावलं असतं. पण तिला पाढ्याचं काही वाटत नव्हतं, तिला दुसरंच दाखवायचं होतं. तिने पेपर नॅपकिन ओढला आणि इंग्लिशमध्ये भराभर सांगायला लागली. नऊने भाग जाणाऱ्या संख्येतल्या अंकांची बेरीज केली तर तिलाही नऊने भाग जातो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण का जातो, ते तिने शोधून काढलं होतं. दहातून नऊ काढले की एक उरतो, शंभरातून नव्व्याण्णव काढले की एकच उरतो. म्हणून शेवटी नुसते अंक शिल्लक राहतात. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मलाही त्या क्षणापर्यंत ते ठाऊक नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला.

साहेबाने दोन्ही हात वर केले. ‘‘थांब थांब, स्वीटहार्ट! का होतं, याच्याशी कोणाला काय करायचंय? मी शाळेत कायम सी ग्रेडवाला. आणि ए वाले आज कोणाकडे नोकरी करतात, विचार तुझ्या डॅडला!’’ मग तिच्याकडे वाकून, अगदी प्रेमाने, ‘‘सगळं येणारी मुलगी कोणालाच आवडत नाही, कळलं?’’

आणि मी हसलो. नुसता हसलो नाही, टेबलावर हात आपटून हसलो. वर म्हणालो, ‘‘अहो, तिला सांगून थकलो मी, बाहेर जाऊन खेळ म्हणून.’’ हे साफ खोटं होतं.

तिने नॅपकिनची घडी केली आणि वर निघून गेली. साहेबाला दारापर्यंत सोडून मी आत आलो, तर बायको भांडी विसळत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘अहो, ती पूर्ण वेळ तुमच्याकडे बघत होती.’’

माझी नोकरी राहिली. तो डॉक्टरेटवाला गेला. त्याच्या निरोपाच्या कार्डावर मी शुभेच्छा लिहिल्या, तेवढंच.

तो साहेब असा का होता, यावर मी पुढे बराच विचार केला. शहाण्याची टिंगल आपल्याकडे होत नाही असं नाही, ‘अति शहाणा त्याचा बैल रिकामा’ आपणच म्हणतो. इंग्रज तर हुशारी असली तरी खिशात दडवून फिरतो. पण न कळण्याचा असा अभिमान, तो छातीवर बिल्ल्यासारखा लावणं, हे मी त्या माणसात पहिल्यांदा पाहिलं आणि त्याची री ओढली. टीव्हीवर मुलगी ज्या अमेरिकन मालिका बघायची त्यात चष्मा काढला की मुलगी देखणी व्हायची आणि उत्तर आलं नाही की लाडकी. मी त्या मालिकांच्या नावाने खडे फोडायचो. मालिकांना शिव्या देणं सोपं होतं.

चार वर्षांनी शाळेच्या पेरेंट्स इव्हनिंगला, म्हणजे पालकसभेला, तिच्या गणिताच्या बाईंनी एक फॉर्म पुढे केला. मुलीने स्वतःच अर्ज केला होता, टॉप सेटमधून, म्हणजे गणितातल्या हुशार मुलांच्या तुकडीतून, मला खाली घाला म्हणून. ‘‘तिला जमत नाही असं अजिबात नाही,’’ बाई म्हणाल्या, ‘‘पण ती वर्गात हात वर करत नाही. पेपरमध्ये मुद्दाम चुकते असं मला वाटतं.’’ घरी नेऊन विचार करा आणि पटलं तर सही करा, असं त्यांनी सांगितलं.

गाडीत माझा तोल सुटला. ‘‘अक्कल गहाण टाकलीस का? कोणासाठी?’’

ती खिडकीबाहेर बघत होती. ‘‘बाबा, टॉप सेटवाल्यांना सगळे फ्रीक्स म्हणतात. लंचला कोणी बसत नाही त्यांच्याजवळ.’’

‘‘म्हणून तू मूर्ख असल्याचं नाटक करणार?’’

‘‘तू हसलास ना तेव्हा. तो अमेरिकन अंकल आला होता तेव्हा. मला वाटलं होतं, तू त्याला सांगशील.’’

मग मी तिला सगळं सांगितलं. सहांपैकी चौघं, घराचं काय झालं असतं, मला त्या वेळी किती भीती वाटत होती. असं तिच्याशी मी कधीच बोललो नव्हतो.

‘‘आय नो, बाबा,’’ ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, समजूत होती. ‘‘मी पण तेच करते.’’

फॉर्म आठवडाभर फ्रिजवर लावलेला होता. मग मी सही केली.