रद्द न झालेली थाळी

उत्तमराव मेश्राम जन्मले भंडाऱ्याकडे, चिकटले रेल्वेला आणि बदल्या होत होत जयपूरला आले ते तिथलेच झाले. सोडाल्यात दोन खोल्यांचं घर, घरात बायको प्रभावती, आणि मुलगा संकल्प नोकरीसाठी बंगळूरला. आयुष्यभर कंट्रोल ऑफिसात टेलिफोनवर बसून त्यांनी गाड्या वेळेवर पळवल्या. रिटायर झाल्यावर पळवायला काही उरलं नाही, तेव्हा ते घरातल्या कुकरच्या शिट्ट्यांचं वेळापत्रक करू लागले.

"तुमी असेच घरात राह्यले त मी येडी होऊन जाईन," प्रभावतीबाई म्हणाल्या आणि त्यांनीच नवऱ्याला नोकरीच्या शोधात बाहेर काढलं.

नोकरी मिळाली जवाहर नगरमधल्या एका संस्थेत. युरोपातला एक थंड आणि श्रीमंत देश जयपूरजवळच्या बस्सी गावातल्या एकट्या म्हाताऱ्यांना दुपारचं जेवण पुरवत होता. योजनेचं नाव 'सन्मान थाळी'. संस्थेची प्रमुख मैथिली ही पुण्याची पोर, हुशार, मनाने लाख मोलाची, पण तोंड उघडण्याआधी लॅपटॉप उघडणारी. पहिल्याच दिवशी तिने उत्तमरावांना एक आलेख दाखवला. त्यातली रेघ उतरत उतरत तिसऱ्या वर्षी शून्याला टेकली होती.

"हे लाभार्थींचं परावलंबन," मैथिली म्हणाली. "तिसऱ्या वर्षी शून्य."

उत्तमरावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "मंग काय, हे सारे मरून जातीन?"

"नाही हो काका. स्वावलंबी होतील. मदत थांबली तरी काम टिकलं पाहिजे. ते टिकवायची जबाबदारी तुमची."

आता या स्वावलंबी होणाऱ्या मंडळींत सगळ्यात पुढे होती भूरी काकी. तोंडात दात नाही, डोळ्यांना धड दिसत नाही, मुलं सुरतेला गेली ती तिकडचीच झाली. आराखड्यात लिहिलं होतं म्हणून तिला आणि बाकीच्यांना साबण करायला शिकवलं गेलं. साबण झालाही. त्याला फेस मात्र येत नसे. हात धुवायला घेतला की हातालाच चिकटून बसे. परदेशी पाहुणे आले, त्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले आणि एकेक वडी मायदेशी नेली. तिथे त्या वड्यांनी कुणाचं काय केलं देव जाणे.

उत्तमरावांनी साबणाकडे पाहिलंही नाही. त्यांनी थाळी गाडीसारखी चालवली. ठरल्या ठोक्याला पहिलं ताट सुटायचं, मग रांगेत माणूस असो वा नसो. पहिल्या आठवड्यात म्हाताऱ्यांनी त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. पुढे मात्र ज्याला घरी कुणी वेळ विचारत नव्हतं असा एकेक जण आधीच येऊन बसू लागला, आणि ताट यायच्या आधी कढीत काय कमी पडणार यावर वाद घालू लागला.

अशात त्या थंड देशात निवडणूक झाली. नवं सरकार आलं आणि त्याने मदतीचं अख्खं खातंच बंद केलं. मैथिलीने सगळ्यांना बोलावून डोळे पुसत सांगितलं की थाळी संपली.

"रद्द केल्याचा आदेश कुठी आहे?" उत्तमरावांनी विचारलं.

"काका, आदेश देणारं खातंच राहिलं नाही."

"गाडी ज्यानं सुरू केली त्यानंच रद्द करा लागते. तोवर ते धावते."

मैथिलीला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. म्हाताऱ्याने त्याच दिवशी त्या बंद खात्याला पत्र धाडलं: थाळी रद्द करावी काय, कळवावे. उत्तर यंत्राने दिलं. कार्यालय कायमचं बंद आहे, तुमचा निरोप आम्हाला मोलाचा वाटतो. उत्तमरावांनी ते बायकोला वाचून दाखवलं आणि विचारलं, "यात रद्द कुठी म्हनलं?"

मग ते बस्सीच्या बाजारात शिरले. आंतरराष्ट्रीय कार्यक्रम आहे, एवढं सांगितलं की हलवाई खुर्ची पुसून द्यायचा आणि वर कढीचं भगोणं पाठवायचा. भाजीवाले उरलेली भाजी देऊ लागले. लग्नाच्या मोसमात तर मांडवांतून उरलेल्या इतक्या कचोऱ्या म्हाताऱ्यांनी हाणल्या की दोघांना दवाखान्यात न्यावं लागलं. कुणी मटार सोलायचं, कुणी भांडी घासायचं, आणि भूरी काकी दारात बसून सगळ्यांवर खेकसायची. आलेखातल्या रेघेला जे हवं होतं ते बरंचसं झालं होतं, पण ते बघायला कुणी शिल्लक नव्हतं.

घोडं अडलं ते नव्या देणगीदारांपाशी. ते पैसे द्यायला तयार होते, पण आधीचं सगळं रीतसर बंद झालेलं हवं होतं. नाही तर संस्थेतल्या सगळ्यांच्याच पगाराचे वांधे.

"काका, जी योजना कागदावर मेलीय ती तिकडे कढी वाढतेय. मी त्यांना काय सांगू?" मैथिली काकुळतीला आली आणि तिने स्वतःच्या सहीने थाळी रद्द केल्याचा आदेश काढला.

उत्तमरावांनी तो दोनदा वाचला. "ठीक आहे. आता फलाटावर सांगा लागन. गाडी रद्द झाली का प्रवाशायले सांगाव, असा नियम आहे. आन् ज्यानं रद्द केली त्यानंच सांगाव." शेवटचा नियम त्यांनी तिथल्या तिथे, पदरचा घातला होता.

सकाळी निघताना प्रभावतीबाईंनी विचारलं, "आन् पोरीनं खरंच सांगून देल्लं त?"

"त मले भूरी काकीच्या तोंडाकडे पाह्यता येनार नाही," उत्तमराव म्हणाले. बसमध्ये मैथिली त्यांच्या शेजारी आदेश मांडीवर घेऊन बसली.

बस्सीत रांग जेवायला बसली होती, ताटं वाढली होती. मैथिली समोर उभी राहिली तशी भूरी काकीने आवाजाच्या दिशेने मान वळवली. "बैठ जा लाडो, पैली जीम ले." आधी जेव, मग बोल, असा तिचा हुकूम होता.

"मुझे कुछ कहना है," मैथिली म्हणाली. सगळ्यांचे घास थांबले. "कल से खाना..." तिने उत्तमरावांकडे पाहिलं. ते भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"कल खाना थोड़ा लेट होगा," मैथिली म्हणाली.

रांगेत एकच गिल्ला झाला. ही काय पद्धत, म्हाताऱ्या माणसांनी उपाशी किती बसायचं, तुमचा तो रेल्वेवाला झोपा काढतो काय. भूरी काकीने हातानेच सगळ्यांना गप्प केलं आणि किती लेट ते विचारलं. मैथिलीने पुन्हा उत्तमरावांकडे पाहिलं. नव्या देणगीदारांना काय सांगायचं तेही तिला अजून ठरवायचं होतं.

आयुष्यात उत्तमरावांनी उशिराची गय कधी केली नव्हती. ते भिंतीकडून वळले, रुमालाने डोळे पुसले आणि म्हणाले, "पंद्रह मिनट." मग त्यांनी मैथिलीसाठी रांगेत एक ताट मांडायला सांगितलं.