खंडेनवमी आणि त्रेचाळीस टक्के

अहमदपुरात गुरुबसप्पामामांच्या दुकानात बिघडलेलं यंत्र घेऊन गेलं, की मामा आधी यंत्राकडे बघतच नाहीत. स्टूल पुढे सरकवतात, एका काडीच्या जागी सुतळी बांधलेला चष्मा कपाळावरच्या विभूतीपर्यंत चढवतात आणि म्हणतात, "बसा. काय झालं ते पहिल्यापासून सांगा." घाईतल्या माणसाला याचा राग येतो. मामा हसतात, पण पेचकस हातात घेत नाहीत.

उदगीरकडच्या एका खेड्यातून ते पंधराव्या वर्षी हैदराबादला गेले आणि रेडिओ दुरुस्ती शिकून आले. रेडिओ गेले, टेपरेकॉर्डर आले. तेही गेले आणि टीव्ही आले. पुढे टीव्ही भिंतीला चिकटले, दुरुस्तीला यायचे थांबले, तेव्हा मामा पंचावन्न वर्षांचे होते. त्या वयात त्यांनी दहावीच्या पोरींशेजारी बसून कॉम्प्युटरचा कोर्स केला. पोरी 'आजोबा, माऊस चावत नाही' म्हणून चिडवायच्या. त्यातल्या दोघी आता स्वतःच्या मुलांचे कॉम्प्युटर त्यांच्याकडेच आणतात.

यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्टुलावर सिंधू बसली होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मांडीवर जुन्या चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटरचा डबा होता, आणि शेजारी तिची लेक दीपाली, रडून रडून डोळे सुजलेली.

दीपाली नांदेडला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करते. वर्षभर किनवटच्या जंगलातल्या गावांमधून हिंडून तिने रानभाज्यांवर प्रबंध लिहिला होता. लॅपटॉपने ऐनवेळी दगा दिला, म्हणून शेवटची दोन प्रकरणं तिने घरी येऊन, या जुन्या कॉम्प्युटरवर लिहिली. पहिली तीन तिच्या मॅडमकडे मेलने गेली होती. चौथं, पाचवं आणि जंगलातले सगळे फोटो एकाच फोल्डरमध्ये होते. तो फोल्डरच दिसेनासा झाला होता. प्रबंध सोमवारी द्यायचा होता आणि आज शुक्रवार.

"काही न्हाई झालं, मामा," सिंधू म्हणाली. "अपडेट झालं, अन् मग फोल्डर गायब."

"मधी लाईट गेलती?"

"न्हाई."

"कुणी हात लावला?"

"कुणी न्हाई."

मामांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग डबा पडद्याला जोडला. फोल्डरचं नाव घालून शोधलं. लपवलेल्या फाइल दाखवायची खूण केली, तरी त्या जागी काही आलं नाही. शेवटी डब्याला कान लावून ऐकत बसले.

"नुसत्या अपडेटानं असा फोल्डर जात न्हाई, अक्का. मग डिस्कच मरायला लागली असंल. तसं असंल तर मी तिला हात लावणार न्हाई. जितकी चालवावी तितकी बिघडती. काढून देतो, हैदराबादला धाडा."

"किती दिवस लागतील, मामा?" दीपालीने विचारलं.

"धा-पंधरा."

दीपाली दुकानाच्या पायरीवर मटकन बसली. मामांनी पेचकस घेतला आणि डब्याचा पहिला स्क्रू काढला.

बुधवारची सकाळ सिंधूच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. खंडेनवमीला त्यांच्या घरी विळा, खुरपं, विळी, शिलाई मशीन, सगळं धुऊनपुसून मांडतात. हळदकुंकू लावायचं ते थांबलेल्या हत्याराला. विहिरीवरची मोटरसुद्धा त्या दिवशी बंद. कॉम्प्युटरवर मात्र निळ्या पडद्यात गोल गोल फिरत होतं. अपडेट चालू आहे, बंद करू नका, त्रेचाळीस टक्के. दीपाली झेंडूची फुलं आणायला बाजारात गेली होती. सिंधूने अर्धा तास वाट पाहिली. निरांजनातलं तूप संपत आलं, तरी त्रेचाळीसच. ती पदवीधर बाई. काय लिहिलंय ते तिला कळत नव्हतं असं नाही. वाचून, समजून तिने बटण दाबून धरलं, आणि पडदा काळा झाल्यावर त्यावर कुंकवाचं बोट लावलं.

दीपालीने काल विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, मी कशाला हात लावू?

दुसरा स्क्रू निघाला.

"मामा, थांबा," सिंधू म्हणाली. "मी बंद केलं. पूजेसाठी. अपडेट चालू असताना."

पायरीवरून दीपालीने मान वळवली. आईकडे रोखून पाहिलं.

मामांच्या चेहऱ्यावर मात्र राग नव्हता. उलट ते स्टूल ओढून पुढे आले. "बटण दाबून धरलं? बरं. पुन्ना चालू केल्यावर काय दिसलं?"

"काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं. आकडे पळत होते. मी घाबरून देवघरात जाऊन बसले. बाहेर आले तर सगळं नेहमीसारखं."

मामांनी पेचकस खाली ठेवला. "अक्का, ह्ये आधी सांगितलं असतं तर मी स्क्रू कशाला काढले असते? गेल्या साली एकानं टीव्हीत चहा सांडला अन् म्हणला, उंदरानं केलं. म्या म्हणलं, तुमच्याकडला उंदीर इलायची घालून चहा पितोय व्हय?"

सिंधूला हसू आलं नाही. "सापडंल का, मामा?"

"ऐका. मशीन मधीच पडली, म्हणून उठल्यावर तिनं आपलं घर तपासलं. जे सामान कुठलं ते कळलं न्हाई, ते उचलून एका खोलीत टाकलं. अन् खोलीला दार हाय ह्येच कुणाला सांगितलं न्हाई."

त्यांनी डबा पुन्हा सुरू केला. या वेळी नुसत्या लपवलेल्या नाही, तर खुद्द यंत्राच्या म्हणून झाकून ठेवलेल्या फाइलही दाखव, असं सांगितलं. पडद्यावर इशारा आला, असं केल्याने बिघाड होऊ शकतो. सिंधूने हात आवळले. मामांनी शांतपणे 'होय' दाबलं.

फोल्डरांच्या रांगेत एक फिकट, पुसट फोल्डर उगवला. त्याचं नाव 'फाउंड', पुढे तीन शून्यं.

"मामा, उघडा की!" दीपाली आता त्यांच्या खांद्याशी येऊन उभी होती.

"आधी नक्कल, मग उघडायचं." त्यांनी अख्खा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतला. हिरवी पट्टी इतकी सावकाश पुढे सरकत होती की सिंधूने तिच्याकडे पाहायचंच सोडलं. मग त्यांनी नक्कल उघडली. आत नावगाव नसलेले चार फोल्डर होते, नुसते आकडे. पहिल्यात काही नव्हतं. दुसऱ्यात यंत्राचीच अगम्य कागदपत्रं. तिसरा उघडला. दीपालीने पडद्यावर बोट ठेवलं.

प्रकरण चार. प्रकरण पाच. किनवट फोटो.

पाचवं प्रकरण तिने शेवटच्या ओळीपर्यंत वाचून पाहिलं. सगळं होतं. फोटोंपैकी अकरा अर्धे करडे झाले होते, कुठे पानं दिसत, देठ नाही. "चालतील, चालतील," ती म्हणत राहिली, "त्यातल्या सात भाज्यांचे दुसरे फोटो आहेत माझ्याकडं." सिंधूने मामांच्या मडक्यातलं पाणी स्वतःच घेतलं आणि तांब्याभर पिऊन टाकलं.

"आई, तू वाचून दाबलंस?" दीपालीने तेव्हा विचारलं.

"हाव."

"अन् काल मला खोटं सांगितलंस."

"हाव. भ्याले मी. एक वर्ष तू जंगल तुडवलंस, अन् मी एका बोटानं..."

"अव्वा," मामा दीपालीला म्हणाले, "खरं सांगितलं म्हणून वाचलं. न्हाईतर डिस्क आता हैदराबादच्या गाडीत असती."

दीपालीने दोन पेन ड्राइव्हवर सगळं उतरवून घेतलं आणि तिथूनच मॅडमना फोन लावला, "सोमवारी येते, मॅडम, पूर्ण घेऊन." फोन ठेवून तिने एक पेन ड्राइव्ह आपल्या पिशवीत टाकला आणि दुसरा आईपुढे धरला.

"हा तुझ्याकडं ठेव."

"माझ्याकडं?"

"हाव. तू आता ह्याला कुणालाच हात लावू देणार न्हाईस."

सिंधूने पर्सच्या आतल्या कप्प्यात तो ठेवला, चेन लावली. दुकानाच्या पायऱ्या उतरताना एकदा आणि रस्ता ओलांडण्याआधी एकदा, चेन उघडून तो आहे का ते पाहिलं.