हबात टोरीचं तेल

"याच्यात त लोनी जमून राहिलं, डाक्टरसाहेब," अंगणात बसलेला सायकल मिस्त्री बाबांना म्हणाला. मी दाराआड उभी होते.

बाबांच्या सायकलचं मागचं चाक त्याने खोलून पोत्यावर ठेवलं होतं. त्या चाकाच्या मधल्या जाड हबात तीन गिअर होते. विलायतेला परतणाऱ्या रेल्वेच्या एका साहेबाकडून बाबांनी ती सायकल घेतली, तेव्हा सोबत एक इंग्रजी पुस्तिका मिळाली होती. बाबांनी ती चाळली, मी पाठ केली. हबात पाणी जाऊ देऊ नका, बारीक छिद्रातून पातळ तेल सोडत राहा, म्हणजे आत ओल टिकत नाही, असं तिच्यात होतं.

पाणी मीच जाऊ दिलं होतं.

मॅट्रिक होऊन नागपूरच्या शाळेतून घरी आल्यापासून माझं बाहेर जाणं आईबरोबर देवळापुरतं उरलं होतं. शाळेच्या आवारात आम्ही मुली एकच सायकल पाळीपाळीने चालवायचो. ती फेरी मला जेवताना, शिवताना, कुठेही आठवे. म्हणून दुपारी बाबा झोपले की मी मागच्या दाराने सायकल काढी आणि बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवरून धानाच्या बांध्यांपर्यंत जाई. तिसऱ्या गिअरला हबातून बारीक टिकटिक येई. तेवढा वेळ मी लग्नाला आलेली मुलगी नसे.

दिवाळीनंतर एकदा परतायला उशीर झाला. पुलाचा वळसा नको म्हणून मी सायकल नाल्यातून ढकलत आणली. पाणी हबाच्या वर होतं. घरी येऊन पुस्तिका आठवली, पण पातळ तेल बाबांच्या कुलपात. स्वयंपाकघरात देवाच्या दिव्यासाठी टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल होतं. तेल ते तेल, असं वाटून तेच भरपूर ओतलं. थंडी पडली आणि ते आत तुपासारखं गोठलं.

"देवापुढचं तेल गिअरले कोन पाजलं जी?" मिस्त्री हसला. "अन् आत पानी बी हाय. नाल्यात बुडवल्याबिगर एवढं नाही जात."

"मी तर पुलावरूनच जातो," बाबा म्हणाले. "हे नाजूक प्रकरण आपल्या रस्त्यांचं नाही. नीट करून दे, संध्याकाळी कंपाउंडर घेऊन जाईल. मी आपला बैलांच्या दमणीनं फिरेन. घेईल ना तो?"

"कायले नाही घेत? नाचत नेईल."

बोलले तर माझ्या दुपारी संपणार होत्या. न बोलले तर सायकलच जाणार होती. परक्या माणसासमोर मी कधी तोंड उघडत नसे. तरी मी उंबऱ्याबाहेर आले.

"कंपाउंडरला देऊ नका, बाबा. नाल्यातून ती मी आणली. यापुढे नाला लागला तर खांद्यावर उचलून नेईन."