बापाची नक्कल

माझ्या कलेची पहिली दखल शाळेच्या मास्तरांनी घेतली, आणि ती छडीनं घेतली. ते वर्गात नाहीत असं धरून मी त्यांच्यासारखी तपकीर ओढून दाखवत होतो, आणि ते दारात उभे राहून स्वतःला बघत होते. समोरची पोरं एकाएकी हसायची थांबली, यावरून मला कळायला हवं होतं. पण थोर कलावंताला प्रेक्षकांकडे बघायला कुठं सवड असते! त्या दिवशी हाताला वळ उठले आणि मी शिकलो, की बाबा रे, नक्कल करताना नजर समोरच्याच्या तोंडावर ठेवायची. पुढं सगळं आयुष्य मी तोंडं बघूनच पोट भरलं.

आमचा मळा देऊळघाटला. वांगी, मिरची, मेथी, आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. बाप पहाटेपासून मळ्यात राबायचा आणि बाजाराच्या दिवशी बुलढाण्याला पाट्या घेऊन बसायचा. हा माणूस हसत नसे. रागीट होता म्हणावं तर तसंही नाही, कुणावर कधी हात उचलला नाही. हसणं हे काम त्याच्याकडं नव्हतंच, जसं नांगर ओढणं माझ्या मायकडं नव्हतं. मी मायला विचारायचो तर ती म्हणायची, "तुह्या बापाले हसू येत नाही, त्याले फक्त कामं येतात." मला मात्र पोरवयापासून एकच ध्यास लागला होता. या माणसानं एकदा, फक्त एकदा, माझ्या नकलेवर हसावं. बाकी जगानं हसून उपकार केले नाहीत तरी चाललं असतं.

जगानं मात्र भरभरून उपकार केले. मध्यप्रांत-वऱ्हाडचं राज्य नागपुराहून चालायचं, पण आमच्याकडची लग्नं कुणाच्याच हुकमानं चालत नसत. मुहूर्त सकाळचा असला की वऱ्हाड दुपारी यायचं, आणि मुहूर्त दुपारचा असला तर विचारूच नका. तेवढा वेळ मांडवातल्या भुकेल्या माणसांना भांडणापासून दूर ठेवायला नकल्या लागायचा. सोंग नाही, ढोलकी नाही, तोंडाला रंग नाही. नुसतं उभं राहायचं आणि मांडवातल्याच मानकऱ्यांना एकेक करून त्यांच्यासमोर उभं करायचं. ज्याची नक्कल होई तो उठून नकल्याला नारळ देई. आमच्याकडे नक्कल म्हणजे टवाळी नव्हे राजेहो, मान! नक्कल झाली म्हणजे माणूस गावात गणला गेला. राहून गेली म्हणजे अपमान, आणि लग्नातला अपमान तीन पिढ्या पुरतो.

बीबी गावच्या एका लग्नात मी नवरदेवाच्या आजोबाची केली, चुलत्याची केली, आणि मामाला विसरलो. पंगत बसली आणि मामा उठला. ताटाला हात लावीना. "मले काऊन नाही केलं?" म्हणे, "मी काय भाड्यानं आणलेला वऱ्हाडी हाय?" वधूपिता माझ्या पाया पडायच्या बेतात आला. मग भरल्या पंगतीत, वरणभात निवत असताना, मी मामाची नक्कल केली. तो रुसून उठला कसा, उपरणं झटकलं कसं, आणि बायको थांबवते की नाही हे डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं कसं. एवढंच पाहिलं होतं त्याचं, तेवढ्यावर अख्खा मामा उभा केला. मामा आनंदानं रडला, नारळ दिला आणि वर दोन वाढप जास्त जेवला.

असा मी मोठा होत गेलो. संग्रामपूरपासून लोणारपर्यंत माझ्यावाचून लग्न लागेना. लग्न नवरा-नवरीचं असतं हे लोक विसरून गेले होते, आणि मीही कुणाला आठवण करून देत नव्हतो.

आमच्या गावात खेळ असला की बाप यायचा. मांडवाच्या मागच्या खांबाला टेकून बसायचा. मी पाटील करायचो, कोतवाल करायचो, पटवारी करायचो. शेजाऱ्याचा मारका गोऱ्हासुद्धा केला, आणि शेजाऱ्यानं गोऱ्ह्याच्या वतीनं नारळ दिला. माणसं लोळायची. मी मात्र प्रत्येक नकलेचा शेवटचा झटका त्या खांबाकडं फेकायचो आणि बापाचं तोंड बघायचो. काही नाही. ओठ नाही, भुवई नाही, काही नाही. सगळं संपलं की तो धोतर झटकून उठायचा आणि मळ्याला पाणी द्यायला जायचा. मला वाटायचं, दगड आहे. देवानं मला वऱ्हाडातला सगळ्यात मोठा नकल्या केला आणि वऱ्हाडातला एकमेव दगड माझा बाप म्हणून दिला.

मग नागपूरला रेडिओ आला. खामगावच्या एका लग्नात नागपूरच्या कुण्या साहेबानं मला ऐकलं आणि बोलावणं धाडलं. मोटारीनं मलकापूर, तिथून रेल्वे, असा मी कलेच्या राजधानीत पोचलो. तिथं पुण्याकडचे एक साहेब होते. त्यांनी माझ्याकडून आधी सगळं कागदावर लिहून घेतलं, वाचलं आणि नाक मुरडलं.

"भाषा फार ग्रामीण आहे हो तुमची."

"साहेब, कार्यक्रम गावकऱ्यांचाच आहे ना?"

"हो, पण ग्रामीण भाषा जरा शुद्ध हवी."

शुद्ध ग्रामीण! मी पन्नास गावं फिरलो, ही भाषा कुठल्याही गावात ऐकली नव्हती. पुढं नियम आले. पाटलाची नक्कल करायची नाही, सरकारी माणूस. पटवाऱ्याची नाही, तोही सरकारी. पुढाऱ्याची नाही, तो सरकारी होणार. कीर्तनकाराची नाही, धर्म दुखावतो. मी विचारलं, "मग करू कोनाची?" साहेब उदारपणे म्हणाले, "सर्वसाधारण म्हाताऱ्या शेतकऱ्याची करा. त्याचं कुणालाच काही वाटत नाही." मग मी एक सर्वसाधारण म्हातारा बनवला. थोडा खोकला, थोडं कण्हणं, दर वाक्याला 'काय सांगू बापा'. या म्हाताऱ्याला गाव नव्हतं, मळा नव्हता, तोंडही नव्हतं. राज्यभर गाजला लेकाचा! दोन महिन्यांत मला रोज संध्याकाळच्या कार्यक्रमाचा मुख्य बोलणारा केला. बाजारभाव आणि भजन यांच्यामध्ये मी बसायचो, मंडळींना रामराम घालायचो आणि खोकायचो. समोर एक लोखंडी डबडं. ते हसलं की नाही, कुणाला कळणार?

गावच्या चावडीवर सरकारनं रेडिओ बसवला होता. पोळ्याला घरी आलो तेव्हा माय म्हणाली, बाप रोज चावडीवर जातो, सगळ्यात पुढं बसतो.

"हसतात का वं?" मी विचारलं.

"नाही बा. पण उठतही नाहीत."

आता मात्र माझं डोकं फिरलं. सगळं राज्य मला ऐकून हसतं आणि हा माणूस पुढं बसून कान देतो, अन् हूं की चूं नाही! तसाच मळ्यात गेलो. बाप मेथीच्या जुड्या बांधत होता.

"बाबा, येक सांगा. तुम्ही माह्या नकलेले हसत काऊन नाही? येवढा का वाईट आहो मी?"

बापानं जुडी बांधून पुरी केली. माझ्याकडं न बघताच बोलला. आवाजात राग नव्हता, ते आणखीच वाईट.

"तू पाटलाची केली. कोतवालाची केली. त्या बीबीच्या मामाले तं येका रुसण्यावर उभं केलं म्हणे. शेजाऱ्याच्या गोऱ्ह्याची केली. मी मांगं बसून वाट पाह्यत जावो. म्या म्हटलं, आज करन, उद्या करन. मंग म्हटलं, आपल्यात काही नसन करण्यासारखं."

पायाखालची जमीन गेली म्हणतात ते खोटं असतं. जमीन तिथंच असते, उभं राहायचं कसं तेच कळत नाही. मी समजत होतो, बापाची नक्कल न करणं हा माझा आदर. परक्या मामाला मान कसा द्यायचा हे ज्याला पंगतीत उमगलं, त्या शहाण्यानं आपल्याच बापाला इतकी वर्षं मांडवात बिनमानाचा बसवून ठेवला होता. आणि वर त्यालाच दगड म्हणत होतो.

मी म्हणालो, "उद्या बाजारात तुमचीच करतो. सगळ्याईसमोर." बापानं पुढची जुडी बांधायला घेतली. पण बाजाराच्या सकाळी धुतलेलं धोतर नेसला, आणि मायनं माझ्याकडं बघून डोळे मोठे केले.

बुलढाण्याचा बाजार भरला. रेडिओवाला आला म्हणून भाजीवाले, गिऱ्हाइकं, सगळे गोळा झाले. मी हाळी दिली, "आज आमच्या बाबाची नक्कल!" बापानं तागडी खाली ठेवली, मुंडासं सारखं केलं आणि मांडी घालून ताठ बसला. मी उभा राहिलो आणि पाऊल उचललं.

पण कुठलं पाऊल? तो आधी डावं टाकतो की उजवं? पाटी उतरवताना हात कुठं देतो? गिऱ्हाइकाला हाक कशी मारतो? मला काहीच येईना. इतकी वर्षं मी या माणसाकडं बघत आलो होतो, पण तो हसतो का एवढंच बघायला. बाकीचा बाप मी पाहिलाच नव्हता. माणसं वाट बघत होती. घाबरून मी रेडिओचा म्हातारा काढला. खोकलो, कण्हलो, 'काय सांगू बापा' म्हणालो.

कुणी हसलं नाही. मिरचीवाली शेजारणीला म्हणाली, "हा कोन होय वं माय? दुसऱ्याच कोन्या गावचा हाय वाटते."

तेवढ्यात कुणीतरी मोठ्यानं हसलं. बाप! मांडीवर थाप मारली, मान मागं टाकली, डोळे पुसले. "अरे मीच तं आहो ना बे!" सगळ्यांना ओरडून सांगायला लागला. "बराबर मीच! असाच खोकलतो मी!" तो हसतोय म्हटल्यावर बाजार हसला, टाळ्या पडल्या, माझी लाज झाकली गेली.

माझा बाप कधी खोकत नसे. खरं हसू कुठलं आणि उसनं कुठलं, हे ओळखण्यावर माझं पोट होतं. तो माझ्यासाठी हसणाऱ्या माणसाची नक्कल करत होता, आणि मिरचीवालीलासुद्धा ती खरी वाटली.