कौतुक अडवणारी चाळणी

आईने ब्लॉग सुरू केला तेव्हा तो फार तर वर्षभर टिकेल असं मला वाटलं होतं. वारज्याच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवरचा एक कोपरा तिने सोसायटीशी भांडून मिळवला, तिथे कुंड्या मांडल्या आणि मग त्या कुंड्यांवर लिहायला लागली. कढीपत्ता का रुसतो, जास्वंदीवरचा मावा कसा धुवायचा, ओल्या कचऱ्याचं खत करताना शेजारणींची नाकं कशी सांभाळायची. लोक वाचायला लागले. पुण्यातलेच बहुतेक, त्यामुळे वाचून गप्प बसणारे नव्हेत. लेखाखाली प्रतिक्रिया यायच्या आणि आई प्रत्येकाला उत्तर द्यायची. मी खराडीच्या ऑफिसातून कंटाळून घरी आले की चहाबरोबर आधी त्या प्रतिक्रिया ऐकाव्या लागायच्या.

बाबा मात्र त्यावर अवाक्षर काढत नसत. ते कारखान्यात माल तपासायच्या खात्यात होते. तिथली रीत अशी की चांगल्या मालावर काही लिहायचं नाही, तो मुकाट पुढे जातो. शेरा फक्त नापास मालावर. निवृत्त झाल्यावर ती रीत त्यांनी घरी आणली. आमटी चांगली झाली की शांतता, मीठ जास्त पडलं की शेरा.

"एकदा तरी म्हणा हो, बरं लिहितेस म्हणून," आई म्हणायची.

"मी काही बोललो का? नाही ना? मग झालं तर."

आई हसून सोडून द्यायची, पण तिला ते लागायचं. अनोळखी माणसं वाखाणतात आणि घरचा माणूस मुका, याचं तिला खरंच वाईट वाटायचं. बाहेरच्यांच्या त्या चार ओळींवर ती लिहीत होती.

आणि नेमक्या त्याच जागी घाण येऊन पडायला लागली. कर्ज घ्या, घरबसल्या कमवा, केसगळती थांबवा, जुगार खेळा. दहा भामट्यांमागे एखादा खरा वाचक. कहर म्हणजे आई त्यांनाही उत्तरं द्यायची. कर्जवाल्याला तिने लिहिलं होतं, "अहो दादा, आम्हाला सध्या कर्ज नको आहे, पण आपण जास्वंदीबद्दल काहीच म्हणाला नाहीत." गेलेला नवरा मंत्राने परत आणून देणाऱ्या कुणा महाराजांना लिहिलं होतं, "माझा नवरा घरीच असतो. बाहेर जात नाही हीच तक्रार आहे." मी कपाळावर हात मारून घेतला. ही माणसं नाहीत, यंत्रं आहेत, हे सांगितल्यावर तिचा चेहरा असा पडला की सांगितल्याचा मलाच पस्तावा झाला.

थोड्या दिवसांनी ती म्हणाली, "बंदच करते गं हे. कोण खरं आणि कोण खोटं, हेच कळेनासं झालंय. उत्तर तरी कुणाला द्यायचं?"

मी पेटले. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. माझ्या आईचा ब्लॉग असल्या भुरट्यांमुळे बंद पडणार? आधी बाजारात मिळणारे तयार फिल्टर लावून बघितले. एकाला मराठी अक्षर दिसलं की सगळंच संशयास्पद वाटायचं, दुसऱ्याला काहीच वाटायचं नाही. शेवटी म्हटलं, आपणच करू. प्रत्येक नवी प्रतिक्रिया तपासायची, खोटेपणाचे गुण द्यायचे, गुण फार झाले की ती ब्लॉगवर न दाखवता कचऱ्यात टाकायची, असा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. आईने त्याचं नाव चाळणी ठेवलं.

चाळणीने माझा जो छळ केला तो ऑफिसातल्या साहेबानेही केला नाही. मी केसगळतीवाल्यांना रोखायला गळती हा शब्द अडवला, तर कात्रजच्या एका बाईंची विचारणा अडकली. त्यांच्या मोगऱ्याच्या कळ्यांची गळती होत होती. उंची वाढवणाऱ्या गोळ्यांवर बंदी घातली, तर वाढ खुंटलेल्या लिंबाचे सगळे मालक बाहेर राहिले. बागेच्या ब्लॉगवर वाढ, गळती आणि रोग हे शब्द अडवले तर उरतं काय? मग लिंक असलेलं सगळं अडवलं. मग माणसाला न दिसणारा एक रिकामा रकाना ठेवला. यंत्रं तो आंधळेपणाने भरतात आणि सापडतात. हा उपाय लागू पडला आणि मी दोन आठवडे ताठ मानेने फिरले.

त्यानंतर जे आलं त्याने मी खरंच रडकुंडीला आले. ना लिंक, ना गोळ्या, ना कर्ज. शुद्ध, गुळगुळीत मराठी. "आपला लेख अत्यंत माहितीपूर्ण आहे. असेच लिहीत राहा." नावावर बोट टेकवलं की मात्र माणूस थेट जुगाराच्या दुकानात. नावाची वाट बंद केली तरी कौतुक येतच राहिलं, आज पाय रोवायचे आणि उद्या माल विकायचा म्हणून. आई आधी हरखायची, मग मी सांगितलं की खट्टू व्हायची. रोज तेच. त्या कौतुकाचा मला इतका संताप यायचा की समोर कुणी असतं तर मी दोन लगावल्या असत्या.

चिडून एका रविवारी मी आईच्या सगळ्या खऱ्या प्रतिक्रिया पुन्हा वाचल्या, आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमचा खरा वाचक नुसतं कौतुक कधीच करत नाही! "लेख बरा आहे, मात्र कुंडीला भोक पाडायची पद्धत चुकीची." "छान. पण हेच आपण मागच्या वर्षीही लिहिलं होतं, आमच्या लक्षात आहे." "फोटोतलं झाड तुळशीचं नाही, सब्जाचं आहे. बाकी ठीक." जो चूक काढतो किंवा शंका विचारतो तो माणूस, जो निव्वळ स्तुती करतो तो भामटा. मी तसा नियम लिहिला. नुसतं कौतुक दिसलं की थेट कचरा.

चाळणी एकदम शहाणी झाली. ब्लॉगवर पुन्हा फक्त तिरकस, खरी माणसं उरली. आई उत्तरं द्यायला लागली, तिने नवा लेख लिहायला घेतला, आणि मी सुटकेचा श्वास सोडला.

एका सकाळी आई गच्चीवर पाणी घालायला गेलेली असताना बाबा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"तुझी ती चाळणी खऱ्या माणसालाही अडवते का गं?"

"कुठल्या माणसाला?"

"आहे एक. ओळखीचा. त्याने लिहिलेलं दिसत नाही म्हणतो."

"काय लिहिलं होतं त्यांनी?"

"असेल काहीतरी. चांगलं वगैरे."

मी कचरा उघडला. जुगारवाले आणि मंत्रवाले यांच्या मधोमध, आमच्याच घरच्या वायफायवरून आलेली, 'एक वाचक' या नावाची प्रतिक्रिया होती. "लेख आवडला. फार चांगले लिहिता. लिहीत राहावे." मी बाबांकडे बघितलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते.

मला इतकी चीड आली! आयुष्यात पहिल्यांदा या माणसाने चांगल्या मालावर शेरा मारला, आणि तो हुबेहूब त्या भामट्यांसारखा. बाबांना त्यांच्यातून वेगळं काढील असा कुठला नियम लिहू मी?

"बाबा, यात एखादी चूक काढा ना," मी म्हटलं. "मग आपोआप जाईल."

"चूक नाहीये त्यात. काढू कुठून?"

मी ती तीन वाक्यं पुन्हा वाचली.

"तिला सांगू नकोस," म्हणून ते गेले. मी नियम वगैरे बाजूला ठेवून ती प्रतिक्रिया हाताने ब्लॉगवर सोडली आणि चाळणीवरचा राग विसरून जरा खुशीतच आंघोळीला गेले.

बाहेर आले तर आई फोन घेऊन सोफ्यावर बसलेली. बाबा समोर पेपर उघडून.

"अगं, तुझी चाळणी फाटली बघ," आई म्हणाली. "एक सुटलं होतं. लिहीत राहावे म्हणे! मी टाकलं पुसून. आता मलाही ओळखता येतात."

बाबांचा पेपर हलला नाही. मी त्यांच्याकडे बघत राहिले, ते काहीतरी बोलतील म्हणून. ते बोलेनात. मग मात्र माझा तोल गेला.

"आई, ते खरं होतं! बाबांनी लिहिलं होतं ते!"

"काहीतरीच काय," आई हसली. "हे लिहितील होय? चाळणी बिघडली हे कबूल कर की सरळ."

तेव्हा बाबांनी पेपर खाली ठेवला. कान लाल झालेले, आवाज चढलेला. मीठ जास्त पडल्यावर लागायचा तसाच.

"हो, मीच लिहिलं होतं. सगळे लेख वाचतो मी तुझे. फार चांगलं लिहितेस. झालं समाधान?"

आईने फोन बाजूला ठेवला.

"हो," ती म्हणाली. "झालं."