स्कॅनचा फॉर्म मी भरला

बाळकुमला एका खोलीत आम्ही पाच जण राहायचो. बाबा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात, लोखंड घासायच्या ग्राइंडरवर. कंपनी बंद पडली की दुसरी मिळेपर्यंत आईच्या धुण्याभांड्यांवर घर चालायचं. आमच्यात कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. मी बी.एस्सी. झाले. तेव्हापासून घरातला प्रत्येक फॉर्म मीच भरते, आणि त्याचा मला अभिमान आहे.

गेल्या वर्षी बाबांच्या मेंदूत डाव्या बाजूला गाठ निघाली. ऑपरेशनआधी डॉक्टरांनी वेगळा एमआरआय सांगितला. बोलताना मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथे रक्त जास्त धावतं, आणि मशीन ते टिपतं. म्हणजे बोलणं कुठे आणि गाठ कुठे, ते कळतं. हे न कळता कापलं तर बाबांची वाचा जाऊ शकते, एवढंच माझ्या डोक्यात बसलं.

मशीनमध्ये ओठ न हलवता चित्रातल्या वस्तूंची नावं मनात घ्यायची होती. आठवडाभर घरी सराव केला.

"हे मनातल्या मनात बोलणं मला नाही जमायचं," बाबा म्हणाले.

"लग्न झाल्यापासून दुसरं काय केलंय तुम्ही?" आई मेथी निवडत म्हणाली.

माजिवड्याच्या स्कॅन सेंटरवर इंग्रजी फॉर्म आला. शरीरात पेसमेकर? धातूचा तुकडा? बाबांना न विचारता मी प्रत्येक 'नाही'वर टिक करत गेले. टेक्निशियनने फॉर्म बघितला, मग बाबांचे हात.

"काका, काम काय करायचात?"

"ग्राइंडिंग."

"डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेलेला?"

"ग्राइंडरवाल्याच्या नाही जाणार तर कुणाच्या? एक कण तर पूर्ण निघाला की नाही, देव जाणे."

तो माझ्याकडे वळला. "मशीनमध्ये मोठं चुंबक असतं, ताई. कण हलला तर डोळा जाईल. आधी डोळ्यांचा एक्स-रे."

कण असला तर स्कॅन नाही, आणि स्कॅन नाही तर डॉक्टर अंदाजाने कापणार. बाकड्यावर बाबाच मला समजावत होते. "अगं, तुला कुठे माहीत होतं?"

"विचारलं असतं तर कळलं असतं."

त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं.

एक्स-रे स्वच्छ आला. मग स्कॅन झाला. बंद दाराबाहेर मशीनची ठकठक ऐकत मी बाबांचं घड्याळ मुठीत धरून बसले. बोलण्याची जागा गाठीच्या अगदी शेजारी निघाली. तेवढी जागा राखून डॉक्टरांनी गाठ काढली.

आज बाबा बोलतात. एखादं नाव उशिरा आठवतं, पण बोलतात.