पाणी पिणारं हेड

"इंजिन पाणी पितंय," लहानूदादा म्हणाले. "रोज त्याच वळणावर. खाली थेंब पडत न्हाई."

लहानूदादा अकोले तालुक्यातल्या घाटात प्रवासी जीप चालवतात. जीप जुनी, डिझेलची. तिचं सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाचं झाकण, मीच राहुरीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्त केलं होतं. हेडमध्ये व्हॉल्व्ह असतात, आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटा. व्हॉल्व्ह टेकतात त्या झिजलेल्या जागा कापून मी नव्या, जास्त कडक सीट रिंगा बसवल्या. मग प्रेशर टेस्ट: वाटा बंद करून आत हवा भरायची, हेड पाण्यात बुडवायचं. एकही बुडबुडा आला नव्हता.

"त्या वळणावर तुम्ही काय करता?"

"सगळेच थांबत्यात. नारळ फोडायचा, गाडी निवली की रेडिएटरला बाटलीभर पाणी पाजायचं, मग वर जायचं. जागा वाईट हाय."

माझं डोकं फिरलं. अंधश्रद्धेविरुद्ध मी कॉलेजपासून पत्रकं वाटत आलोय. त्यांना अर्धा तास ऐकवलं. "उद्या थांबायचं नाही. मी शेजारी बसतो."

सकाळी घाटात दाट धुकं होतं. मागे नऊ माणसं. वळण आलं तशी बडबड बंद झाली. लहानूदादांनी माझ्याकडं पाहिलं. मी हातानंच पुढे चला म्हटलं.

वळण मागे पडलं. मग बॉनेटखालून आवाज आला. कुणी तांब्या तोंडाला लावून घटाघटा पितंय, असा. टेंपरेचरचा काटा हळूहळू उतरला आणि तळाला टेकला.

"बघा, गार पडलं," मी म्हणालो.

"चढावर गार पडतंय व्हय?" त्यांनी काट्याच्या काचेवर बोट आपटलं.

इंजिन अडखळून बंद पडलं. जीप मागे सरकू लागली. इंजिन बंद पडलं की ब्रेक दगडासारखा होतो. लहानूदादा त्यावर उभेच राहिले आणि मागचं चाक डोंगराच्या अंगाला घातलं. कुणाला लागलं नाही. धुक्यात फक्त ते गिळणं ऐकू येत होतं.

"टेस्ट पास हाय ना आपली?" हेड काढून राहुरीला आणलं तेव्हा वर्कशॉपचे मालक भाऊसाहेब म्हणाले. "ड्रायव्हरनं पाणी घातलं न्हाई, असं लिही."

"मीच घालू दिलं नाही. हेड गरम पाण्यात टेस्ट करू."

"आजवर कधी केलंय?"

"नाही. म्हणूनच."

टाकी तापवली. कोमट पाण्यात काही नाही. वाफा येऊ लागल्या तेव्हा दोन सीटांच्या मधून बुडबुड्यांची बारीक माळ वर आली. तिथं मी जरा जास्त कापलं होतं. पाणी निवलं तशी माळ थांबली. भिंगातून पाहिलं, चीर दिसेना. बोट फिरवलं, गुळगुळीत.

चढ चढून इंजिन नेमकं त्या वळणाशी पुरतं तापायचं आणि चीर उघडायची. पाण्याची वाफ सायलेन्सरमधून धुक्यात मिसळायची. ते घटाघटा पिणं म्हणजे उरल्यासुरल्या पाण्यातून उसळणारी वाफ. काटा उतरला, कारण सेन्सरभोवती पाणीच उरलं नव्हतं. जीप तगली होती ती त्या थांब्यामुळं. तोच मी बंद पाडला होता.

भाऊसाहेबांनी कुरकुरत दुसरं हेड दिलं. मी जीप स्टँडवर सगळ्यांसमोर सांगितलं, चूक माझ्या हाताची. त्या दिवशीची एक म्हातारी पुढं आली.

"मंग भूत न्हवतं?"

"नव्हतं, आजी."

"म्हंजी तुमीच हुता की," म्हणत ती जीपमध्ये चढली.

आता आमच्याकडं हेड गरम पाण्यातच तपासतात. थंड असताना सगळीच हेडं निर्दोष असतात.